सेइयू व्हायचंय, पण आवाज बसतोय

पत्र: मी वीस वर्षांची, कोथरूडला राहते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जपानी भाषेची एन३ परीक्षा झाली, डिसेंबरमध्ये एन२ला बसणार. गांधर्वची मध्यमाही पूर्ण झाली आहे. सातवीपासून ॲनिमे बघते आणि मला सेइयू व्हायचंय, म्हणजे ॲनिमेतल्या पात्रांना आवाज देणारी कलाकार. आनिसोन, म्हणजे ॲनिमेची गाणीही गायची आहेत. रोज रात्री दोन-दोन तास लहान मुलाच्या आवाजात संवाद म्हणते, पण हल्ली सकाळी आवाज बसलेला असतो. एका एजंटने तोक्योतल्या दोन वर्षांच्या सेइयू अभ्यासक्रमाचं पत्रक दिलंय. राहण्या-जेवणासकट पंचवीस लाख सांगतो आणि 'नंतर काम पक्कं' म्हणतो. बाबा कर्ज काढायला तयार आहेत, आई म्हणते हे खूळ आहे. काय करू?
आवाजवेडी, कोथरूड

प्रिय आवाजवेडी,

आधी निकाल, मग कारणं. पंचवीस लाखांचा तो फॉर्म यंदा भरू नकोस. बी.कॉम. पूर्ण कर, एन२वर न थांबता जपानी तोंडात मुरव, जपानला नोकरीच्या परवान्यावर, म्हणजे व्हिसावर, जा आणि सेइयूचं शिक्षण तिथे सुट्टीच्या दिवशी घे. रात्रीची दोन तासांची मेहनत मात्र आजपासूनच बंद.

एजंटचा आकडा खोटा नाही. तोक्योतल्या सेन्मोन गाक्कोची, म्हणजे व्यवसाय शिकवणाऱ्या दोन वर्षांच्या शाळेची फी वर्षाला साधारण दहा ते तेरा लाख येन असते. महिन्याला लाखभर येन राहण्या-खाण्याचे धरले की दोन वर्षांत पंचवीस लाख रुपये सहज होतात. खोटं आहे ते 'काम पक्कं'. या धंद्यात काम शाळेकडून येत नाही, जिमुशोकडून येतं. जिमुशो म्हणजे कलाकारांना सांभाळणारी एजन्सी. भूमिकेच्या चाचणीची खबर आधी तिच्याकडे येते, आणि आपल्यातल्या कुणाला पाठवायचं हे ती ठरवते. शाळेच्या शेवटी एजन्सीवाल्यांना बोलावून मुलांची चाचणी घेतात, एवढंच शाळेच्या हातात असतं.

जिमुशोत शिरायचा दुसरा रस्ता म्हणजे योसेइजो, एजन्सीशी जोडलेला प्रशिक्षण वर्ग. आओनी प्रॉडक्शन या १९६९ साली सुरू झालेल्या एजन्सीचा 'आओनी जुकु' आहे. 'निचिनारे' या नावाने ओळखली जाणारी संस्था आर्ट्सव्हिजन आणि आय'म एंटरप्राइज अशा एजन्सींना मुलं पुरवते. तिथे आठवड्यातून एकदा तीन तासांचा वर्ग असतो आणि बाकीचे दिवस पोटापाण्याला मोकळे राहतात. वर्षाच्या शेवटी चाचणी होते. त्यात निवड झाली तरी पहिली पायरी बहुधा 'आझुकारी'ची, म्हणजे एजन्सीने तुला नुसतं ठेवून घेतलेलं असतं. मग कनिष्ठ सभासद, आणि पुष्कळ पुढे पूर्ण सभासद. यातली कुठलीही पायरी काम मिळण्याची हमी देत नाही. प्रत्येक भूमिकेची चाचणी वेगळी द्यावी लागते.

आता पैशांचं, कारण कर्ज बाबांच्या नावावर निघणार आहे. जपानी नटांची संघटना निप्पाइरेन हिने ठरवून घेतलेली दर्जापद्धत या क्षेत्रात वर्षानुवर्षं चालत आली आहे. अर्ध्या तासाच्या एका भागाला कनिष्ठ कलाकाराला १५,००० येन आणि दर्जा वाढत वरच्या टोकाला ४५,००० येन. त्यापुढचे दिग्गज आपला दर स्वतः ठरवतात. त्या भागात तुझं एक वाक्य असो की शंभर, रक्कम तीच. बारा भागांची मालिका आणि प्रत्येक भागात तू, असं कनिष्ठ दर्जाच्या मुलीच्या बाबतीत क्वचित घडणारं भाग्य धर. झाले १,८०,००० येन. त्यातून एजन्सीचा वाटा आणि १०.२१ टक्के आगाऊ कर कापला जातो. उरलेले तीन महिन्यांवर पसरले तर तोक्योतल्या एका छोट्या खोलीचं भाडंसुद्धा ओढाताणीनेच निघेल. म्हणून तिथली नवी मुलं दुकानांत, उपाहारगृहांत अर्धवेळ राबतात. जपानी मुलांची ही गत, तर शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरणाऱ्या परदेशी मुलीची किती ओढाताण होईल ते बघ.

त्याहून मोठी अडचण परवान्याची, आणि पत्रकात ती बहुधा नसेल. विद्यार्थी परवाना मान्यताप्राप्त शाळेसाठी मिळतो. आठवड्यातून तीन तासांच्या योसेइजोसाठी तो मिळायचा नाही. सेन्मोन गाक्कोसाठी मिळेल (तिथे साधारणपणे एन२ किंवा जपानमधल्या भाषाशाळेत किमान सहा महिने शिक्षण लागतं) आणि परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येईल. पण दोन वर्षं संपली की पुढे काय? परदेशी पदवीधरांना नोकरीसाठी मिळणारा नेहमीचा परवाना, ज्याला तिथे 'गिजिनकोकु' म्हणतात, त्यात ॲनिमेला आवाज देणं बसत नाही. त्यासाठी 'कोग्यो' हा कलाकारांचा वेगळा परवाना आहे. त्याच्या अर्जामागे करार करणारी संस्था लागते, आणि एका आझुकारी मुलीसाठी एवढी उस्तवार करणारी एजन्सी मिळणं कठीण. बरीच परदेशी मुलं इथेच अडकतात. आवाज चांगला, अभिनय ठीक, हातात पदविका, आणि तीन महिन्यांत देश सोडायची वेळ.

म्हणून उलटा रस्ता सुचवतोय. पदवी आणि चांगली जपानी असली की पुण्याहून भाषांतर, ग्राहकसेवा, माहिती-तंत्रज्ञान अशा नोकऱ्यांवर जपानला जाता येतं. गिजिनकोकुला सहसा पदवी लागतेच, तेव्हा बी.कॉम. सोडायचा विचारही नको. त्या परवान्यावर असताना स्वतःच्या पैशाने रविवारी योसेइजोत शिकायला कुणाची आडकाठी नाही. मानधनाचं काम मिळालं तर मात्र ते घेण्याआधी इमिग्रेशन कार्यालयाकडून मूळ कामाबाहेरच्या कामाची परवानगी काढावी लागते. 'छोटंसंच तर काम आहे' म्हणून ती टाळू नकोस, परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ते अंगाशी येतं. या रस्त्याला वेळ जास्त लागतो, पण घर गहाण पडत नाही.

परदेशी माणूस सेइयू होतच नाही असं नाही. रशियात जन्मलेल्या जेन्या हे ठळक उदाहरण. 'गर्ल्स उंड पान्झर'मध्ये क्लारा या रशियन मुलीचा आवाज त्यांचा आहे, आणि त्याच मालिकेच्या रशियन संवादांसाठी त्यांची मदतही घेतली गेली. यातून एक गोष्ट घे: परकी भाषा हे तिथे भांडवल होऊ शकतं. मात्र भारतीय पात्रं मोजकीच असतात, त्यांच्या भरवशावर राहता येणार नाही. बाकी सगळ्या पात्रांसाठी तुझी स्पर्धा जपानी मातृभाषा असणाऱ्यांशी आहे, आणि तिथे आवाजाच्या गोडव्याआधी कान जातो तो उच्चाराच्या चढउताराकडे.

तुझी खरी मेहनत इथे लागणार आहे. जपानी भाषेच्या परीक्षेत, अगदी एन१ या सर्वांत वरच्या पातळीलासुद्धा, बोलण्याचा विभागच नाही. त्यामुळे एन१ झालेली, फाडफाड बोलणारी मुलंसुद्धा पहिल्या वाक्याला परकी ओळखू येतात. तोक्योच्या प्रमाण बोलीत प्रत्येक शब्दाला सुरांचा ठरलेला आराखडा असतो. 'आमे' म्हणताना 'आ' वर आणि 'मे' खाली गेला तर पाऊस. 'आ' खाली आणि 'मे' वर गेला तर चघळायची गोळी. 'हाना' हा याहून चकवा. फूल आणि नाक दोन्ही 'हाना', दोन्हींत 'ना' वर. फरक कळतो तो पुढचा 'गा' प्रत्यय लागल्यावर. फुलाच्या वेळी 'गा' खाली पडतो, नाकाच्या वेळी वरच राहतो. दोन नियम पक्के कर. शब्दाची पहिली आणि दुसरी मात्रा कधीच एका उंचीवर नसतात, आणि शब्दात सूर एकदा खाली आला की पुन्हा वर चढत नाही. मराठी माणूस सवयीने वाक्याच्या मधल्या विरामांना सूर वर नेतो, 'मी काल गेले, आणि मग...' असा. तीच लकब जपानीत उतरली की दुसरा नियम मोडतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं.

सरावाची पद्धत अशी. रोज फक्त दहा वाक्यं घे, बातमीसारखी साधी. त्यातल्या प्रत्येक शब्दाचा आराखडा एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या उच्चारकोशात (२०१६ची नवी आवृत्ती) बघ, किंवा तोक्यो विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला 'ओजाद' हा मोफत ऑनलाइन कोश वापर. ओजादमध्ये पूर्ण वाक्य टाकलं की चढउताराची रेघ काढून मिळते. कागदावर जिथे सूर पडतो तिथे पेन्सिलीने खूण कर. मग शब्द न उच्चारता, ओठ मिटून नुसतं 'म्म' करत ते वाक्य गुणगुण. तू सुरात शिकलेली आहेस, तेव्हा ही पायरी तुला इतरांपेक्षा सोपी जाईल. गुणगुणणं बसलं की शब्द घाल, ध्वनिमुद्रण कर आणि मूळ आवाजाशी ताडून बघ. कानावर विश्वास बसेना तर प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर घे. त्यात सुराची रेघ डोळ्यांनी दिसते. बाईच्या आवाजासाठी त्याची मर्यादा १०० ते ५०० हर्ट्झ ठेव, नाहीतर रेघ मध्येच उड्या मारते. पंधरवड्यातून एकदा जपानी माणसाकडून तपासून घे, पण तो तोक्योकडचा हवा. ओसाकाकडे बऱ्याच शब्दांचे चढउतार उलटे असतात. पूल आणि चॉपस्टिक या अर्थांच्या दोन 'हाशीं'ची तिकडे अदलाबदल होते.

व्यंजनांच्या बाबतीत मराठी तुला पुष्कळ मदत करेल. जपानी 'त्सु' हिंदी भाषकांना जड जातो. आपल्याकडे 'चोर', 'चूल' यांतला च तोच आहे, आणि 'जुना'तला ज जपानी 'झु'जवळ जातो. 'चहा'मधला च मात्र जपानी 'चि'साठी राखून ठेव. त्रास होतो तो ट-ड चा आणि शेवटच्या स्वराचा. आपण 'टोकियो' म्हणतो. जपानीत तिथे दंत्य त आहे आणि दोन्ही ओ लांब, 'तोओक्योओ'. उलट 'सुशी' आपण दीर्घ लिहितो आणि तसंच म्हणतो, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ. जपानी 'सुशि' तिथे ऱ्हस्वच संपते. ही सवय प्रत्येक वाक्यात आडवी येते, कारण जपानीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'देसु', 'सुकि' यांतला उ नीट उच्चारला की तेही परकं वाटतं. तो जवळजवळ गिळायचा असतो, 'देस्', 'स्कि'. जोडाक्षराआधी पुरती एक मात्रा थांबायला शिक. 'किते' आणि 'कित्ते' यांत फरक त्या थांब्याचाच.

जिभेच्या व्यायामाला तिथली मुलं 'उइरोउरी' पाठ करतात. काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातलं औषध विकणाऱ्याचं हे लांबलचक भाषण दुसऱ्या इचिकावा दान्जुरो यांनी १७१८ साली पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. योसेइजोत ते सर्रास म्हणवून घेतात. पण सुरुवातीला फक्त पहिला परिच्छेद घे आणि निम्म्या वेगाने म्हण. वेगात म्हणून दाखवायची घाई केली की अक्षरं गिळली जातात आणि चुकीचीच पाठ होतात. निवेदनाचा वेग मिनिटाला सुमारे ३०० अक्षरं असा धरतात, तेवढा आला की पुरे.

आता बसलेल्या आवाजाकडे. लहान मुलाचा आवाज काढताना तू घसा आवळून स्वरयंत्र वर ओढतेस, म्हणून आवाज पातळ होतो. दोन तास ते केलं की स्वरतंतू सुजतात आणि सकाळी आवाज खरखरतो. हे महिनोन्महिने चाललं तर तंतूंवर गाठी येतात. मुळात सेइयूचं काम आवाज काढण्याचं नाही. 'शिन-चान'चा जपानी आवाज १९९२पासून अकिको याजिमा यांचा होता. २०१८च्या जूनमध्ये त्यांनी ती भूमिका सोडली. कारण सांगितलं ते हे की, तो आवाज टिकवण्याकडेच सगळं लक्ष जाऊ लागलं आणि बोलण्यातला सहजपणा येईना. सव्वीस वर्षं ज्यांनी ते पात्र जगवलं त्यांनाही सहजपणा हाच निकष वाटला. १९८६पासून 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूला आवाज देणाऱ्या मासाको नोझावा १९३६च्या. त्याही लहानपणापासून अभिनयात, नाटकात घडलेल्या नटी आहेत.

तेव्हा लहान मूल उभं करायचं असेल तर पट्टी फार वर नेऊ नकोस. मूल बोलताना श्वास पुरत नाही म्हणून वाक्य दोन-तीन तुकड्यांत येतं, तुकड्याचं पहिलं अक्षर ठोसून येतं, शेवट सोडून दिलेला असतो, आणि उत्साहात मध्येच श्वास ऐकू येतो. तुझ्या नेहमीच्या आवाजापेक्षा थोडंच वर राहून एवढं साधलं तरी ऐकणाऱ्याला मूल दिसतं. घसा दुखला नाही तर समज की बरोबर चाललंय.

पुढचा एक आठवडा पात्रांचे आवाज पूर्ण बंद. कुजबुजूनही बोलू नकोस, त्यानेही तंतूंवर ताण येतो. पेल्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी घे, त्यात साधी स्ट्रॉ बुडवून मिनिट-दोन मिनिटं 'ऊ' करत बुडबुडे काढ, दिवसातून चार-पाच वेळा. गुळण्या आणि ज्येष्ठमध यांनी घशाला बरं वाटतं, पण त्यातलं काहीच स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. त्यांना पोटात गेलेलं पाणी आणि विश्रांती लागते. आठवड्यानंतर रोज सकाळी एक चाचणी कर: वरच्या सुरात, अगदी हळू आवाजात 'ऊ' लाव. सूर लगेच लागला तर दिवस मोकळा. आधी नुसती हवा येऊन मग सूर लागला तर सूज आहे, त्या दिवशी सराव नाही. पुढे सराव करशील तेव्हा वीस मिनिटं काम, दहा मिनिटं गप्प, आणि असे जास्तीत जास्त तीन फेरे. दोन आठवड्यांत खरखर गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घे. नुसत्या औषधाच्या चिठ्ठीवर परत येऊ नकोस.

गाण्याचं. शास्त्रीय शिकलेलं वाया जात नाही. नाना मिझुकी लहानपणापासून एन्का या पारंपरिक ढंगाच्या गाण्यात तयार झालेल्या. २००९मध्ये त्यांचा अल्बम ओरिकॉन या जपानी संगीतविक्रीच्या साप्ताहिक यादीत पहिला आला, सेइयूच्या बाबतीत हे प्रथमच घडत होतं. त्याच वर्षी एनएचकेच्या वर्षअखेरच्या कोहाकु कार्यक्रमात गाणारी पहिली सेइयू त्याच, आणि २०११च्या डिसेंबरमध्ये तोक्यो डोममध्ये मैफल करणारी पहिली सेइयूही त्याच. एन्कातल्या मुरक्या त्यांच्या गाण्यात आजही कान देऊन ऐकल्या तर सापडतात.

तुझी अडचण पट्टीची असेल. काळी चारमध्ये गात असलीस तर बऱ्याच आनिसोनचा वरचा भाग तुझ्या तार गंधार ते पंचमात येतो, आणि तिथे रागगायनातला खुला आवाज पुढे रेटला की तो फाटतो. खुल्या आवाजातून हलक्या आवाजात जोड न दिसता जायला शिकावं लागेल. मंद्र सप्तकातून वर सरकताना 'ऊ'वर कुठे गचका बसतो ते शोध आणि त्याच्या दोन स्वर खालपासूनच आवाज हलका करायला लाग. मींड आवर, शब्दाची प्रत्येक मात्रा आपल्या स्वरावर सुटी पडू दे. तबल्याऐवजी क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर गा. टीव्हीवर वाजतं ते गाणं दीड मिनिटाचं असतं आणि त्यात लय सांभाळून घ्यायला जागाच नसते. आणि सेइयू होणं व आनिसोन गायिका होणं ही दोन दारं वेगळी आहेत. पात्राच्या आवाजात गायची गाणी सेइयूकडे भूमिकेबरोबर येतात, म्हणून चाचणीत गाणंही विचारतात. लिसासारख्या गायिका मात्र रेकॉर्ड कंपन्यांमार्फत येतात, अभिनयातून नव्हे. तुझ्या पत्रावरून तरी तुझा कल पहिल्या दाराकडे दिसतो.

आवाजाचा नमुना आत्ताच करायला घे, कुठे पाठवायचा नसला तरी. सुरुवातीला नाव, मग तीस-चाळीस सेकंद निवेदन, मग पंधरा-वीस सेकंदांचे दोन संवाद. सगळं मिळून दोन मिनिटांच्या आत. पहिला संवाद तुझ्या वयाच्या, तुझ्याच आवाजातल्या मुलीचा ठेव. दुसरा त्याच आवाजात, पण भाव वेगळा. पाच पात्रांचे पाच आवाज भरण्याचा मोह टाळ, निवडणाऱ्याला त्यातून कुणीच कळत नाही. गाजलेल्या ॲनिमेतले संवादही नकोत. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ आवाज असतो आणि तुलनेत तू हरणार. स्वतः लिही, मग जपानी शिक्षकांकडून तपासून घे. गाणं मागितलं तर पहिला अंतरा-धृपद एवढंच, आवाजावर कसलेही संस्कार न करता.

मुद्रण घरी होतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड कर, पाठीमागे रजई टांग. पंखा आणि फ्रिज बंद, कुकरची वेळ टाळायची, हॉर्न थांबतात त्या पहाटे पाचला उठायचं. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, समोर पॉप फिल्टर, आणि माइक किंचित बाजूला, म्हणजे 'प'चा भपका थेट बसत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघ. चुकतं ते बहुधा नंतर: खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर सॉफ्टवेअरने काढायला जातात आणि आवाज पत्र्यासारखा होतो. गोंगाट मुद्रणाआधीच घालव. तोंडाचा चिकट टकटक आवाज येत असेल तर पाणी पी आणि त्या दिवशी दूध-मिठाई टाळ.

तिथल्या स्टुडिओत काय अपेक्षित असतं तेही ऐकून ठेव, कारण मुंबईच्या पद्धतीहून ते वेगळं आहे. अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत कलाकार बहुधा एकटा असतो, हेडफोनवर मूळ वाक्य ऐकून एकेक वाक्य भरतो. जपानी आफुरेकोत, म्हणजे चित्रावर आवाज भरण्याच्या मुद्रणात, सगळे एकाच खोलीत असतात (२०२०च्या साथीत गट लहान केले गेले), समोर तीन-चार माइक रांगेत, मागे बसायच्या जागा. आपलं वाक्य येण्याआधी उठून मोकळ्या माइकपाशी जायचं, दुसऱ्याच्या वाटेत न येता, पावलाचा आवाज न करता. चित्र बहुतेक वेळा अर्धवट असतं. पडद्यावर पात्राच्या नावाची पट्टी उमटते, ती असेपर्यंत बोलायचं. संहितेची वही हातात, पानांचे कोपरे आधीच दुमडलेले, म्हणजे उलटताना कागद वाजत नाही. बांगड्या, सळसळणारे कपडे नकोत. उपाशीपोटीही जायचं नाही, पोटाची गुरगुर माइक पकडतो. गर्दीचे आवाज नव्या मुलांकडून करून घेतात. त्यात नीट लक्ष देणारी पोरगी ध्वनिदिग्दर्शकाच्या लक्षात राहते.

तोवर मुंबईत हिंदी-मराठी डबिंगची छोटी कामं मिळाली तर घे. क्रंचीरोलवर हिंदी, तमिळ, तेलुगू आवाजातलं ॲनिमे येतं, आणि १२ सप्टेंबर २०२५ला 'डीमन स्लेयर'चा चित्रपट आपल्याकडे हिंदीतही लागला. माइकची भीड मोडायला आणि ओठांशी बोलणं जुळवायला ही कामं उत्तम. आणि स्थानिक प्रायोगिक नाटकात काम कर. तुझ्या पत्रात गाणं आहे, भाषा आहे, अभिनयाचा मात्र एक शब्दही नाही.

एजंटला तीन गोष्टी लेखी विचार: गेल्या वर्षीच्या किती परदेशी विद्यार्थ्यांना कोणत्या एजन्सीने घेतलं, त्यांचा परवाना आता कोणता आहे, आणि मधेच शाळा सोडली तर फीतलं किती परत मिळतं. उत्तर फोनवरच देतो म्हणाला तर विषय संपला. कुठल्याही 'चाचणीत तुमची निवड झाली, आता प्रवेशशुल्क भरा' अशा मेललाही हेच तीन प्रश्न. आईशी भांडू नकोस, हा हिशेब तिच्यासमोर मांड. एन२चा फॉर्म मुदतीत भर, आणि आज रात्री संवाद न म्हणता दहा वाक्यांवर खुणा करायला बस.